निवड एकाची, वनवास दुसरीचा

१८९३ साली नारायण वामन टिळक आगगाडीने राजनांदगावला निघाले होते. डब्यातल्या एका गोऱ्या प्रवाशाने त्यांना बायबलचा नवा करार दिला आणि सांगितलं, तुम्ही दोन वर्षांत ख्रिस्ती व्हाल. १० फेब्रुवारी १८९५ ला मुंबईत टिळकांचा बाप्तिस्मा झाला.

ईश्वरी निवडीच्या सिद्धांताला मराठीत याहून चोख उदाहरण सापडायचं नाही. माणूस देवाला निवडत नाही, देव माणसाला निवडतो. तेही त्याची लायकी न बघता. पौलाने याकोब आणि एसाव या जुळ्या भावांची गोष्ट यासाठीच सांगितली: एकाची निवड जन्माआधीच झालेली. टिळक ज्या अमेरिकन मराठी मिशनमध्ये गेले, तिचं कूळ कॅल्विनच्या परंपरेतलं. दिवसभर मुलुंडमध्ये बसून कोड लिहिणाऱ्या मला हा एकही अट नसलेला प्रोग्रॅम वाटतो. इनपुट काहीही द्या, उत्तर ठरलेलं.

टिळकांच्या अभंगांत मात्र ही थंडी नाही. तुकारामाच्या पुलावरून आपण ख्रिस्तापर्यंत आलो, असं ते मानत. त्यांचा ख्रिस्त माउली होतो. आता आई काही लेकराला निवडत नाही, ते तिचंच असतं. एका उपमेत एसावचा प्रश्न मिटून जातो. कविता म्हणून हे सुंदर आहे, पण मला ते फार स्वस्तात मिटल्यासारखं वाटतं.

कारण याकोबाला बोलावणं आलं तेव्हा घरी लक्ष्मीबाई होत्या. लहान मुलगा पदरात, नवरा बाटला म्हणून लोकांची बोलणी, आणि पुढची काही वर्षं ताटातूट. त्यांना कुणी विचारलं नव्हतं. ‘स्मृतिचित्रे’मध्ये हे सगळं त्या इतकं हसत सांगतात, की वाचताना लोकलमध्ये शेजारचा आपल्याकडे बघायला लागतो. आणि त्यांचा स्वतःचा बदल? त्यात आगगाडीतलं भाकीत नाही. आधी सोवळं-ओवळं गळतं, जाती देवाने केलेल्या नाहीत हे पटतं, मग कुणाच्याही हातचं पाणी चालतं. श्रद्धा त्यामागून येते. दयेचं हे वर्णन मला अभंगांपेक्षा जास्त खरं वाटतं, कारण त्यात किंमत कुणी मोजली हे लपवलेलं नाही.

टिळक १९१९ मध्ये गेले तेव्हा त्यांचं ‘ख्रिस्तायन’ अपुरं होतं. त्याचे बहुतेक अध्याय पुढे लक्ष्मीबाईंनी लिहिले. लिहायला-वाचायला त्या लग्नानंतर, नवऱ्याकडून शिकल्या होत्या.