९९ टक्के पकडलं, पण कशाच्या बदल्यात?

पीएचडीसाठी विषय शोधताय? मग 'बुरशीच्या मदतीने सूक्ष्मशैवालाची काढणी' हा विषय कधी ना कधी समोर येईलच. कल्पना छानच आहे. क्लोरेलाच्या पेशी जेमतेम २ ते १० मायक्रोमीटरच्या, वर ऋण भार. त्यामुळे त्या एकमेकींना दूर ढकलत पाण्यात तरंगत राहतात. सेंट्रिफ्यूज लावला तर वीज इतकी जाते की जैवइंधन परवडत नाही. त्याऐवजी अॅस्परजिलस नायजरसारखी तंतुमय बुरशी घालून फ्लास्क शेकरवर ठेवायचा. बुरशीच्या गोळ्या होतात, शैवाल त्यात अडकतं आणि साध्या चाळणीने बाहेर काढता येतं.

हिरवा फ्लास्क, मग स्वच्छ फ्लास्क. असे फोटो बघून मीही भाळले होते. आता असा पेपर हातात आला की मी तीन प्रश्न विचारते. तुम्हीही विचारा.

पहिला, पकडलं कुणी? बुरशी ग्लुकोज खाताना आम्लं सोडते. नायजर तर सायट्रिक आम्लासाठी कारखान्यांत वाढवतात. पीएच ४च्या आसपास घसरला की पेशींवरचा ऋण भार कमी होतो आणि शैवाल बुरशीशिवायही गोळा होऊ शकतं. म्हणून 'नुसतं आम्ल, बुरशी नाही' हा कंट्रोल हवाच. मी तो सुरुवातीला ठेवला नव्हता. गाइडनी विचारल्यावर उत्तर नव्हतं, आणि सगळे प्रयोग परत करावे लागले.

दुसरा, ९९ टक्के कशाचे? बहुतेकदा उरलेल्या पाण्याची ऑप्टिकल डेन्सिटी मोजलेली असते. पण काही पेशी आपोआप तळाशी बसतात, काही काचेला चिकटतात. त्याही 'पकडलेल्या' धरल्या जातात.

तिसरा, साखरेचा हिशेब कुठे आहे? साधं गणित करू. धरा, एक लिटरमध्ये अर्धा ग्रॅम शैवाल आहे आणि त्याच्या निम्मी, म्हणजे पाव ग्रॅम बुरशी लागली. ग्लुकोजच्या साधारण निम्म्या वजनाची बुरशी मिळते असं धरलं, तर लागलं अर्धा ग्रॅम ग्लुकोज. म्हणजे जेवढं शैवाल, तेवढीच साखर! बुरशीतही थोडं तेल असतं हे खरं, पण ते शैवालाच्या खात्यात जमा करून 'तेल वाढलं' म्हणणं बरोबर नाही.

मग विषय सोडायचा का? मुळीच नाही, प्रश्न बदलायचा. सांडपाण्यावर किंवा वाया जाणाऱ्या अन्नावर बुरशी वाढली, तर हिशेब बदलतो. प्रजातीही विचार करून निवडा. अॅस्परजिलस फ्युमिगेटस शैवाल छान पकडते, पण तीच फुप्फुसांचा गंभीर आजारही करते. मोठ्या टाकीशेजारी रोज काम करणाऱ्या माणसाचा विचार पेपरमध्ये नसला, तरी तुमच्या प्रस्तावात असू द्या.

पुढचा पेपर उघडाल तेव्हा आकृत्यांआधी कंट्रोल कोणते ठेवलेत ते बघा.