मालकी अखंड, चित्र अपुरे

जुने चित्र समोर आले की जाणकार मंडळी पहिल्यांदा विचारतात, हे आजवर कोणाकोणाच्या मालकीचे होते? चित्रकाराच्या घरापासून आजच्या भिंतीपर्यंत मालकांची साखळी जुळली, की चित्र अस्सल मानायला मोठा आधार मिळतो. आपण जमीन घेताना जुने फेरफार तपासतो ना, तसेच. प्रश्न रास्त आहे. पण या साखळीतून नेमके काय कळते, आणि काय कळले असे आपण उगाच धरून चालतो, हे आज एका उदाहरणावरून बघू.

उदाहरण रेम्ब्रांटच्या 'नाइट वॉच'चे. १६४२ साली हे प्रचंड चित्र ॲमस्टरडॅमच्या नागरी रक्षकदलाच्या सभागृहासाठी तयार झाले. पुढे ते शहराकडे आले आणि आजही शहराच्याच मालकीचे आहे. मालकीचा इतिहास इतका स्वच्छ की शंकेला जागाच नाही.

आता त्याची नक्कल घ्या. खेरिट लुंडेन्स नावाच्या चित्रकाराने मूळ चित्रानंतर काही वर्षांतच ती ओकच्या फळीवर केली. उंची जेमतेम ६७ सेंटीमीटर, रुंदी ८५च्या आसपास. चित्रातले कप्तान फ्रान्स बानिंग कॉक यांनीच ती करवून घेतली असावी, असे सामान्यतः मानतात. पुढे ती खाजगी संग्रहांतून फिरली. १८५७ मध्ये टॉमस हॅलफर्ड या इंग्लिश धर्मगुरूंच्या मृत्युपत्रानुसार ती लंडनच्या नॅशनल गॅलरीला मिळाली.

म्हणजे मूळ चित्र सार्वजनिक मालकीत स्थिर, आणि नक्कल परदेशापर्यंत फिरलेली. दोघांपैकी सुखरूप कोण राहिले असेल? नक्कल!

झाले असे. १७१५ साली मूळ चित्र नगरभवनात हलवले. तिथे ठरलेल्या भिंतीवर, दोन दारांच्या मध्ये, ते मावेना. मग चित्रच चारी बाजूंनी कापले. सर्वांत मोठी पट्टी डाव्या बाजूची, सुमारे ६० सेंटीमीटर, आणि तिच्याबरोबर त्या बाजूच्या आकृतीही गेल्या. ते तुकडे पुन्हा मिळालेले नाहीत. चोराने नाही, लुटारू सैन्याने नाही, कायदेशीर ताबा असलेल्यांनी हे केले. मालकीच्या नोंदीत याचा ओरखडासुद्धा उमटत नाही, कारण मालक बदललाच नाही.

माझा आक्षेप इथे आहे. मालकीची साखळी 'ही तीच वस्तू आहे' एवढे सांगते. 'ती वस्तू तशीच आहे' हे ती सांगत नाही. तत्त्वज्ञानात एकरूपता आणि पूर्णता हे दोन वेगळे प्रश्न आहेत. कलाबाजार मात्र दोन्हींची किंमत एकाच कागदावर लावतो.

आता तुम्ही म्हणाल, नक्कल करणाऱ्यावर विश्वास का ठेवायचा? त्याने पदरचे काही घातले नसेल कशावरून? बरोबर आहे. पण याला कसोटी आहे. जो भाग दोन्हींत शिल्लक आहे, तो ताडून बघा. तिथे लुंडेन्स कोण कुठे उभा आहे हे प्रामाणिकपणे सांगत असेल, तर हरवलेल्या भागाविषयीची त्याची साक्ष मानायला आधार मिळतो. मर्यादाही ध्यानात घ्या. काय होते ते तो सांगेल, पण रेम्ब्रांटचा हात कसा फिरला ते नाही सांगू शकत.

मराठी माणसाला हे नवे नाही. ज्ञानेश्वरांच्या हातचे पोथीचे पान आपल्याजवळ नाही. एकनाथांनी शके १५०६ मध्ये उपलब्ध प्रती पाहून ज्ञानेश्वरीचा पाठ शुद्ध केला. पोथीच्या बाबतीत आपण आदराने 'प्रत' म्हणतो आणि चित्राच्या बाबतीत नाक मुरडून 'नक्कल'. साक्षीदाराचे काम दोघी सारखेच करतात.

२०२१ मध्ये राइक्सम्यूझियमने लुंडेन्सची नक्कल आणि संगणक यांच्या मदतीने हरवलेल्या पट्ट्या नव्याने तयार केल्या आणि काही काळ मूळ चित्राभोवती मांडल्या. कप्तान आणि त्यांचा सहकारी मधोमध उभे असल्यासारखे वाटत होते, ते उजवीकडे सरकले. डावीकडे जागा मोकळी झाली, आणि ठाण मांडून बसलेली तुकडी चालू लागली. रचनेचा अर्थच बदलला की! त्या पट्ट्या नंतर काढून घेतल्या, हेही योग्यच. साक्ष ऐकावी, ती मूळ वस्तूला चिकटवू नये.

एक गंमत सांगतो. मूळ चित्र शहराचे, नक्कल लंडनच्या गॅलरीची, आणि राइक्सम्यूझियमने दोन्ही दीर्घ मुदतीने उसनी घेतलेली. जिथे ही जोडी एकत्र वाचता आली, त्या संस्थेची मालकी दोघींवरही नाही.

म्हणून माझी मागणी साधी आहे. चित्राच्या इतिहासात मालकांची नावे लिहा, जरूर लिहा. पण प्रत्येक नावापुढे आणखी एक रकाना ठेवा: याच्या ताब्यात असताना चित्राचे काय झाले? तो रकाना भरला, तर बऱ्याच थोर मालकांची मान खाली जाईल, आणि लुंडेन्ससारख्या माणसांना त्यांच्या हक्काची जागा मिळेल. इथे थांबतो. आता तुमचे प्रश्न घेऊ.