कॅटनचं नियमपुस्तक आणि माझा फसलेला प्रोग्रेस सेमिनार



दिवाळीच्या सुट्टीत मामांकडे जाताना मी कॅटनचा डबा सोबत घेतला. मामांचं मार्केट यार्डात आडतीचं दुकान आहे, मामी शाळेत शिकवतात, मामेबहीण अकरावीला आहे. मी धरून चौघं, म्हणजे खेळाला पुरेशी माणसं. जेवणं झाल्यावर सतरंजीवर पट मांडला आणि मी नियम सांगायला सुरुवात केली. पाऊण तास सांगत होतो. कोणती फासळी कुठे, बंदरांचे दर किती, विकासपत्रांचे प्रकार कोणते, सगळं. शेवटी मामा म्हणाले, "अरे, ते सगळं ठीक आहे. पण करायचं काय आहे शेवटी?"

हे वाक्य मी दोन आठवड्यांपूर्वीच ऐकलं होतं. आमच्या सहामाही प्रोग्रेस सेमिनारमध्ये. समितीतल्या एका सदस्यांनी माझ्या बेचाळीस स्लाइड्स शांतपणे पाहिल्या आणि विचारलं, "हे झालं. पण तुमचा प्रश्न काय आहे?" मला तीन महिन्यांनी पुन्हा सादरीकरण करायला सांगितलं गेलं. तेव्हा मला वाटलं होतं, त्यांनी लक्ष दिलं नाही. मामांनी तेच विचारल्यावर मात ही पळवाट बंद झाली.

म्हणून आज एका पेपरऐवजी एका नियमपुस्तकाची समीक्षा करतोय. तुमच्यापैकी बरेच जण सिनॉप्सिस लिहिताय किंवा पेटच्या मुलाखतीची तयारी करताय. अनोळखी माणसाला एखादी गुंतागुंतीची गोष्ट कमी वेळात कशी सांगायची, हा प्रश्न बोर्ड गेमच्या नियमपुस्तकापुढे जितका थेट उभा असतो तितका क्वचितच कुणापुढे असतो. तिथे समजलं की नाही हे पाच मिनिटांत कळतं.

खेळ थोडक्यात

कॅटन हा क्लाउस टॉयबर या जर्मन खेळकर्त्याचा खेळ. १९९५ साली आला आणि त्याच वर्षी जर्मनीतला 'श्पील देस यारेस' हा पुरस्कार त्याला मिळाला. उद्देश एका ओळीत: बेटावर वस्त्या आणि शहरं वसवत सगळ्यांच्या आधी १० गुण मिळवायचे. वस्तीचा १ गुण, शहराचे २. बेट १९ षटकोनांचं, त्यातलं एक वाळवंट. उरलेल्या १८ वर आकडे ठेवलेले. दोन फासे टाकायचे, बेरीज येईल त्या आकड्याच्या षटकोनाला लागून ज्यांची वस्ती आहे त्यांना तिथला माल मिळतो: लाकूड, वीट, लोकर, धान्य किंवा खनिज. हवा तो माल मिळाला नाही तर दुसऱ्याशी सौदा करायचा.

झालं. शंभरेक शब्द लागले. हे मी मामांना पहिल्या मिनिटात सांगितलं असतं तर उरलेला पाऊण तास वाचला असता.

पुस्तकाला काय जमलंय

माझ्याकडच्या इंग्रजी आवृत्तीत तीन थर आहेत: आधी खेळाचा आढावा, मग थोडक्यात नियम, आणि शेवटी वर्णक्रमाने लावलेला कोश, ज्याला ते 'अल्मनॅक' म्हणतात. नियम वाचताना एखाद्या शब्दाचा तपशील हवा असेल तर कोशात जा, नको असेल तर पुढे चला. आपल्या भाषेत सांगायचं तर मुख्य पेपर वेगळा आणि पुरवणी वेगळी. ही रचना चांगलीच आहे.

त्याहून चांगली गोष्ट म्हणजे नवख्यांसाठी दिलेली तयार मांडणी. कॅटनमधला सगळ्यात अवघड निर्णय सुरुवातीलाच येतो: पहिल्या दोन वस्त्या कुठे ठेवायच्या. ज्याला खेळ माहीत नाही त्याला तो घेताच येणार नाही. म्हणून पुस्तक पहिल्या डावासाठी बेटही आखून देतं आणि वस्त्या, रस्तेही ठेवून देतं. तुम्ही आधी सोडवलेलं उदाहरण बघता, स्वतः सोडवणं नंतर. शिक्षणशास्त्रात याला आधार आहे. जॉन स्वेलर आणि ग्रॅहम कूपर यांनी १९८५ मध्ये बीजगणितावर दाखवलं की सोडवलेली उदाहरणं अभ्यासणारे नवशिके तशाच प्रकारची पुढची गणितं, नुसता सराव करणाऱ्यांपेक्षा लवकर सोडवतात. (मी मात्र 'ही मांडणी लहान मुलांची' म्हणून वगळली होती. शहाणपणा नडतो तो असा.)

तिसरी गोष्ट आकड्यांखालच्या टिपक्यांची. दोन फाशांच्या ३६ शक्यतांपैकी ६ पडण्याच्या ५, ८ पडण्याच्याही ५, आणि २ किंवा १२ ची प्रत्येकी १. कॅटनच्या गोल चकत्यांवर आकड्याखाली तेवढेच टिपके छापलेत. ६ आणि ८ तर लाल रंगातच. मी मामांना संभाव्यतेचं वितरण कागदावर काढून दाखवत होतो. ते मध्येच म्हणाले, "जास्त टिपके म्हणजे जास्त माल, एवढंच ना?" एवढंच. माझ्या आलेखाने जे झालं नाही ते पाच टिपक्यांनी केलं. तुमच्या आकृतीला खाली अर्धं पान स्पष्टीकरण लागत असेल तर एकदा हे टिपके आठवा.

आणि काय फसलंय

पहिला दोष कोशाच्या क्रमाचा. वर्णक्रम त्यालाच उपयोगी पडतो ज्याला शब्द आधीच माहीत आहे. मामीला अडचण आली ती अशी: "माझ्याकडे लोकर खूप झाली, कुणी घेत नाही, आता काय करू?" याचं उत्तर समुद्रव्यापाराच्या नोंदीत आहे: तेच चार देऊन हवं ते एक घ्या, बंदर असेल तर तीन किंवा दोन देऊन. पण 'लोकर जास्त झाली' म्हणणाऱ्या माणसाने ती नोंद शोधायची कशी? आपलीही तीच गत होते. वाचक अडचण घेऊन येतो आणि आपण त्याला संज्ञांची यादी देतो.

दुसरा दोष मला जास्त गंभीर वाटतो. कॅटनचा जीव सौद्यात आहे, आणि पुस्तक सौदा फक्त कार्यपद्धती म्हणून सांगतं: ज्याची पाळी आहे त्याच्याशीच करता येतो, फुकट देता येत नाही वगैरे. सगळं बरोबर. पण तो *का* करायचा? तर एकट्याच्या वस्त्यांतून पाचही प्रकारचा माल हवा तेव्हा मिळणं फार अवघड, म्हणून. हे कारण ठसठशीतपणे सांगितलं की बाकीचे नियम आपोआप लक्षात राहतात. मामांना मी शेवटी सांगितलं, "मामा, यार्डात जसं तुम्ही करता तसंच." त्यानंतर मला एकही नियम सांगावा लागला नाही. उलट "आत्ता एक वीट दे, पुढच्या फेरीला बघू" हे उधारीचं बोलणं त्यांनीच सुरू केलं.

"खेळता खेळता कळेल" हेही पुरेसं नाही

दुसऱ्या दिवशी मी दुसऱ्या टोकाला गेलो. नियम सांगायचेच नाहीत, थेट खेळायचं. तिसऱ्याच फेरीनंतर फाशांवर ७ आले. सातला दरोडेखोर येतो, आणि ज्यांच्या हातात सातपेक्षा जास्त पत्ते असतील त्यांना निम्मे टाकावे लागतात. मामींकडे ९ होते, शहर करायचं म्हणून जपून ठेवलेले. चार गेले. "हे आधी का नाही सांगितलंस?" मामी रागावल्या नव्हत्या, पण त्यानंतर त्यांचं मन काही डावात नव्हतं. मामेबहिणीचंही तसंच. तिने एका कोपऱ्याकडे दोन रस्ते नेले आणि मग मी सांगितलं की शेजारच्या कोपऱ्यावर वस्ती असल्यामुळे तिथे बांधता येत नाही. दोन्ही रस्ते वाया.

इथे मला एक कसोटी सापडली. जो नियम माहीत नसल्यामुळे समोरच्याचं न भरून येणारं नुकसान होतं, तो आधी सांगायचा. बाकीचे वेळ येईल तेव्हा. कॅटनमधले असे नियम मी मोजले तर तीन-चारच निघाले. विकासपत्रांतले प्रकार त्यात नाहीत, बंदरांचे दरही नाहीत.

आता माझा सेमिनार बघा. माझं काम पाण्याच्या पाइपात आतून जमणाऱ्या बॅक्टेरियांच्या चिकट थरावर, म्हणजे बायोफिल्मवर आहे. पण मी तो थर प्रयोगशाळेत काचेच्या पट्टीवर वाढवतो, खऱ्या पाइपात नाही. हे मी सांगितलं अडतिसाव्या स्लाइडवर. म्हणजे अडतीस स्लाइड्सभर समितीच्या डोक्यात खरा पाइप होता. त्यांनी बांधलेले सगळे रस्ते मी एका वाक्यात वाया घालवले. पहिल्या चौदा स्लाइड्सवर काय होतं? सूक्ष्मदर्शकाची सेटिंग्ज.

असं का होतं

कारण आपल्याला जे माहीत आहे ते माहीत नसलेल्या माणसाच्या जागी आपण जाऊ शकत नाही. कॅमरर, लोवेनस्टीन आणि वेबर या अर्थशास्त्रज्ञांनी १९८९ च्या पेपरमध्ये याला 'ज्ञानाचा शाप' म्हटलं. मला यातलं सगळ्यात बोलकं उदाहरण एका पीएचडी प्रबंधातलंच वाटतं. एलिझाबेथ न्यूटन यांनी १९९० मध्ये स्टॅनफर्डला काही जणांना ओळखीच्या गाण्याचा ठेका टेबलावर बोटांनी वाजवायला सांगितला. वाजवणाऱ्यांचा अंदाज होता की निम्मे ऐकणारे गाणं ओळखतील. प्रत्यक्षात १२० पैकी ३ वेळाच ओळखलं गेलं. वाजवणाऱ्याच्या डोक्यात पूर्ण चाल चालू असते, ऐकणाऱ्याला फक्त टकटक येते. त्या पाऊण तासात मामांना टकटकच ऐकू येत होती.

एक सावधगिरी. खेळाची तुलना कुठवर ताणायची याला मर्यादा आहे. खेळाचे नियम पूर्ण असतात, कुणीतरी लिहून ठेवलेले असतात. संशोधनात काही नियम आपल्यालाच शोधायचे असतात, आणि 'हे अजून माहीत नाही' हे सांगणंसुद्धा कामाचा भाग असतो. म्हणून सोपं करून सांगताना जे अनिश्चित आहे ते निश्चित असल्यासारखं सांगू नका. मामांना मी "पाइप स्वच्छ करायचं औषध शोधतोय" असं सांगत आलो होतो. ते सोपं होतं, पण खोटं होतं. थर कशामुळे सुटतो एवढंच मी बघतोय, आणि तेही काचेवर. परवा तसं सांगितलं. त्यांनी लगेच विचारलं, "मग काचेवर सुटला म्हणजे लोखंडावर सुटेल कशावरून?" समितीने विचारायला हवा असा प्रश्न हाच.

तुमच्यासाठी गृहपाठ

सिनॉप्सिस पाठवण्याआधी घरातल्या एका माणसाला तीन मिनिटांत सांगा. क्रम असा: प्रश्न काय, तो का पडला, तुम्ही नेमकं काय मोजणार, आणि कोणती मोठी मर्यादा आधीच सांगायला हवी. मग गप्प बसा आणि ते काय विचारतात ते जसंच्या तसं लिहून घ्या. 'छान आहे' म्हणाले तर समजलेलं नाही, पुन्हा सांगा.

माझं दुसरं सादरीकरण जानेवारीत आहे. स्लाइड्स सध्या अठरा आहेत, काचेची पट्टी दुसऱ्या स्लाइडवर आलीय, आणि लोखंडाचा प्रश्न शेवटच्या स्लाइडवर पुढचं काम म्हणून. काय झालं ते कळवतोच.