नटीची कमाई कोणाची?

परभणीत आमच्या काही विद्यार्थ्यांनी मध्यंतरी आत्मकथनांचे सामूहिक वाचन चालविले होते. ‘बलुतं’ झाले, ‘जिणं आमुचं’ झाले, ‘आयदान’ झाले. मग कोणीतरी हंसा वाडकरांचे ‘सांगत्ये ऐका’ आणले. हे पुस्तक ह्या रांगेत कशाला, असा आक्षेप लगेच निघाला. सिनेनटीचे चरित्र म्हणजे चैनीचा विषय; आपला तिच्याशी संबंध काय? वाचन मात्र पूर्ण झाले. शेवटच्या बैठकीत गंगाखेडकडून येणाऱ्या एका मुलीने पुस्तक मिटले आणि विचारले, “सर, बाईनं एवढा पैसा कमावला, मग तो गेला कुठं?”

मराठी समीक्षेने ह्या पुस्तकाविषयी बरेच लिहिले आहे. प्रांजळपणा, धीटपणा, निवेदनातील थेटपणा, एका कलावंत स्त्रीची शोकांतिका हे शब्द त्या लिखाणात पुन्हा पुन्हा भेटतात. हा साधा हिशेबाचा प्रश्न मात्र विचारलेला फारसा दिसत नाही. ज्याच्या घरी महिन्याचा पगार नियमाने येतो आणि ज्याच्या नावावर येतो त्याच्याच हाती राहतो, त्या वाचकाला तो सुचावा तरी कसा? ज्या मुलीला तो सुचला तिचे आईवडील दसऱ्यानंतर ऊसतोडीला जातात. तेथे नवराबायको मिळून एक ‘कोयता’ धरतात. उचल घेतो तो नवरा, मुकादमाच्या वहीत नाव लागते ते नवऱ्याचे, आणि पहाटेपासून मोळ्या वाहणारी बाई त्या वहीत कोठेच नसते. तिच्या प्रश्नाला हंसाबाईंच्या पुस्तकात उत्तर आहे. आपण ते वाचले नव्हते, एवढेच.

हंसा वाडकर म्हणजे रतन साळगावकर. जन्म १९२३ चा, मुंबईचा. घराण्याला कलावंतिणीची पूर्वपीठिका होती. घरच्या निकडीपायी १९३६ साली ‘विजयाची लग्ने’ ह्या चित्रपटात ही मुलगी कॅमेऱ्यापुढे उभी राहिली, तेव्हा तिचे वय तेरा-चौदाचे. साळगावकर हे नाव सिनेमात नको म्हणून ती वाडकर झाली. ह्या नामांतरातला व्यवहार नीट पाहण्यासारखा आहे. घराण्याचे नाव पडद्यावर लागलेले चालत नव्हते, पडद्यावरून आलेला पैसा मात्र चालत होता! पुढे ‘संत सखू’ (१९४१), ‘रामशास्त्री’ (१९४४), ‘लोकशाहीर रामजोशी’ (१९४७), ‘पुढचं पाऊल’ (१९५०) असे चित्रपट आले. १९५९ साली अनंत माने ह्यांचा ‘सांगत्ये ऐका’ आला आणि पुण्याच्या विजयानंद चित्रपटगृहात १३१ आठवडे चालला. म्हणजे सुमारे तेवीस वर्षे ही बाई मिळवीत होती आणि तिच्या नावावर तिकिटे खपत होती.

लग्न झाल्यावर सिनेमा सोडून संसार करावा ही तिची इच्छा होती. पतीची इच्छा तशी नव्हती. घर तिच्या कमाईवर चालत होते, करारमदाराचे व्यवहार दुसऱ्याच्या हाती होते, आणि त्या कमाईच्या जोरावर वाढणारा संशयही तिलाच सोसावा लागत होता. स्टुडिओत उशीर झाला तर चारित्र्याचा प्रश्न; स्टुडिओत गेलीच नाही तर पोटाचा प्रश्न! ह्या कोंडीतून ती दारूकडे गेली, घर सोडून गेली, एका खेड्यातल्या वाड्याच्या भिंतींत अडकली, परत आली. मध्यमवर्गीय वाचकाने ह्यातील घर सोडून जाण्याचा भाग चवीने वाचला. मिळवणाऱ्या बाईला खर्चाचा अधिकार नसणे हा भाग त्याला नैसर्गिक वाटला असावा, कारण त्यावर त्याने काही लिहिले नाही.

तो त्याला नैसर्गिक का वाटला? मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायात एक नियम आहे. भार्या, पुत्र आणि दास हे तिघे निर्धन होत. ते जे मिळवतील ते ज्याचे ते आहेत त्याचे. म्हणजे बायको आणि गुलाम एकाच ओळीत, एकाच मापाने मोजलेले. कात्यायनाने स्त्रीधनाचा विचार अधिक बारकाईने केला. माहेरून प्रीतीने मिळालेल्या धनावर त्याने स्त्रीची सत्ता मान्य केली. परंतु तिने आपल्या शिल्पाने, म्हणजे हाताच्या कसबाने, जे मिळवले त्यावर स्वामित्व पतीचेच सांगितले. दान मिळालेले तिचे, श्रमाचे मात्र त्याचे. अभिनय, गाणे, नाच ही कसबेच नव्हेत काय? २५ डिसेंबर १९२७ रोजी महाडला जो ग्रंथ जाळला गेला त्याचा संबंध केवळ पाणवठ्याशी आणि देवळाशी नव्हता. नऊ वर्षांनंतर मुंबईच्या स्टुडिओत शिरणाऱ्या एका मुलीच्या पगारालाही त्यातले नियम चिकटलेले होते. विजेचे दिवे, ध्वनिमुद्रणाची यंत्रे, छापील करारपत्रे हे सारे नवे होते. पैसा घरी पोहोचला की तो मनूच्या राज्यात जात होता.

१९४९ साली हंसाबाईंनी ‘संत जनाबाई’ ह्या चित्रपटात जनाबाईची भूमिका केली. जनाबाई आमच्या गंगाखेडची. गोदाकाठची ही शूद्राची पोर पंढरपुरास दामाशेटींच्या घरी राहिली आणि नामदेवाच्या घरची दासी म्हणून जन्मभर दळण, कांडण, शेणगोठा करीत राहिली. तिच्या भक्तीचे आपल्याकडे अमाप कौतुक झाले. विठ्ठल येऊन तिच्याबरोबर जाते ओढतो, ही कथा लहानपणापासून आपण ऐकत आलो. परंतु त्या जात्यावरच्या श्रमाची मजुरी कोणी दिली, किती दिली, हे कीर्तनकाराने कधी विचारले नाही. देवाने मदत केली म्हणजे मालकाचे देणे फिटले! ‘संत सखू’तली सखू ही सासुरवाशीण सून, ‘संत जनाबाई’तली जनी ही दासी. पडद्यावर ह्या दोघींचे निर्वेतन श्रम हंसाबाईंनी वेतन घेऊन केले, आणि ते वेतन पुन्हा त्याच नियमाने त्यांच्या हातून गेले. त्यांच्या भूमिकांची यादी मी अनेकदा वाचली होती, ही जोडणी मात्र त्या मुलीच्या प्रश्नानंतर ध्यानात आली.

येथे कोणी म्हणेल, नटीची कमाई नटीकडे राहिल्याची उदाहरणे आहेत. आहेत ना! दुर्गा खोटे घ्या. लाडांसारख्या सधन, सुशिक्षित घरात त्यांचा जन्म. सासरची संपत्ती गेली, मुलांचे पालनपोषण पुढे उभे राहिले, म्हणून त्या सिनेमात आल्या. पहिल्याच ‘फरेबी जाल’ने (१९३१) त्यांना मनस्ताप दिला. पुढे प्रभातच्या ‘अयोध्येचा राजा’ (१९३२) ह्या पहिल्या मराठी बोलपटात त्या तारामती झाल्या. निकड त्यांनाही होती, निंदा त्यांनाही चुकली नाही, हे ‘मी, दुर्गा खोटे’ (१९८२) वाचताना कळते, आणि त्यांच्या कर्तृत्वाविषयी मला आदरच आहे. परंतु त्यांच्या येण्याने सिनेमा ‘कुलीन’ झाला असे म्हटले गेले. हंसाबाईंच्या येण्याने असे कोणी म्हटले नाही; त्यांच्यासारख्यांनी यायचेच, हे गृहीतच होते. दुर्गाबाईंच्या कमाईचे पुढे भांडवल झाले, लघुपट व जाहिरातपट काढणारी त्यांची स्वतःची संस्था उभी राहिली, १९८३ चा फाळके पुरस्कार त्यांना मिळाला. कमाईची संपत्ती होण्यासाठी कर्तृत्व तर लागतेच. पण वकिलाशी बोलण्याची सवय, करार वाचण्याइतके शिक्षण आणि ‘ही आपल्यातली’ असे मानणारी ओळखीची माणसेही लागतात. हे सारे कोणाच्या घरी परंपरेने असते आणि कोणाच्या घरी नसते, हे ह्या पत्रिकेच्या वाचकाला मी सांगायला हवे काय?

उतरंडीच्या अगदी तळाशी गेल्यावर तर संपत्तीचा प्रश्नच उरत नाही. मूकपटाच्या काळात केरळात पी. के. रोझी ह्या दलित स्त्रीने ‘विगतकुमारन’ ह्या चित्रपटात नायर स्त्रीची भूमिका केली, तेव्हा सवर्ण प्रेक्षकांच्या संतापामुळे तिला गाव सोडून पळावे लागले. आणि आपल्याकडे? ‘रामजोशी’च्या यशानंतर मराठीत तमाशापटांची लाट आली. बोर्डावरची लावणी पडद्यावर गेली, निर्मात्यांची घरे भरली, गीतकार-संगीतकारांचे नाव झाले. त्याच काळात मुंबई सरकार खऱ्या तमाशावर अश्लीलतेच्या नावाखाली बंधने घालीत होते आणि सुधारणेसाठी समिती नेमीत होते. पडद्यावरची लावणी सहकुटुंब पाहण्याजोगी, फडातली मात्र बिघडवणारी! विठाबाई भाऊ मांग नारायणगावकर ह्यांनी भरल्या दिवसांत बोर्डावर नाच केला, मध्येच बाळंत झाल्या, दगडाने नाळ तोडली आणि पुन्हा उभ्या राहिल्या, ही हकीकत महाराष्ट्राला पाठ आहे. राष्ट्रपतींचा सन्मान त्यांना दोनदा मिळाला. २००२ साली त्या गेल्या तेव्हा रुग्णालयाचे बिल भागवण्याची पंचाईत होती. आता त्यांच्या नावे शासन पुरस्कार देते. हंसाबाई आणि विठाबाई एकाच पंक्तीत बसतात असे मी म्हणत नाही. एकीने तमासगिरीण रंगवली, दुसरी ती होती. ह्या दोहोंमध्ये मोटार, बंगला आणि जात एवढे अंतर आहे.

आपल्या चळवळीने ह्या पैशाकडे कसे पाहिले, हेही तपासले पाहिजे. पठ्ठे बापूरावांनी तमाशाच्या उत्पन्नातून देऊ केलेली मदत बाबासाहेबांनी नाकारली, अशी हकीकत सांगितली जाते. अस्पृश्य स्त्रियांना नाचवून मिळालेल्या पैशावर चळवळ चालणार नाही, हा त्यामागचा विचार. तो मला आजही बरोबर वाटतो. १६ जून १९३६ रोजी मुंबईच्या दामोदर हॉलमध्ये मुरळ्या, जोगतिणी, देवदासी ह्यांच्या सभेत त्यांनी हा अपमानित व्यवसाय सोडा, इतर स्त्रियांसारखा संसार करा, असे सांगितले. रतन साळगावकर स्टुडिओत गेली ते वर्ष हेच.

येथे मला थोडे अडखळायला होते. हंसाबाईंनी संसार केला. निदान करू पाहिला. आणि त्या संसारातच त्यांची वही दुसऱ्याच्या हाती गेली. तेव्हा १९३६ च्या भाषणापाशी थांबून जे आमचे मित्र नाचणाऱ्या, गाणाऱ्या बायांना केवळ ‘चारित्र्य’ शिकवतात, ते बाबासाहेबांना अर्धेच वाचतात. संसारात शिरल्यावर स्त्रीच्या हाती काय उरते हा प्रश्न बाबासाहेबांनीच हिंदू कोड बिलात मालमत्तेच्या अंगाने धसास लावला, आणि ते बिल रखडवले गेले तेव्हा १९५१ मध्ये मंत्रिपद सोडले. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याने अखेर स्त्रीला तिच्या धनाची पूर्ण मालक ठरवले. कामाठीपुऱ्यातल्या बायांपुढचे भाषण आणि कोड बिल हे एकाच विचाराचे दोन टप्पे मानून वाचायला हवेत. एक नुसता वाचला की आपण नीतीचे मास्तर होतो. दुसरा नुसता वाचला की वकील.

१९७७ साली श्याम बेनेगल ह्यांनी ह्या आत्मकथेच्या आधारे ‘भूमिका’ हा हिंदी चित्रपट काढला. स्मिता पाटील ह्यांना त्यासाठी राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, आणि तो योग्यच होता. पत्नीच्या कमाईवर जगणारा केशव दळवी त्यात आहे, तो अमोल पालेकरांनी ओळखीचा वाटेल असा उभा केला आहे. तरीही चित्रपट जसजसा पुढे जातो तसतसा पैशाचा प्रश्न मागे पडतो आणि एका स्त्रीच्या एकाकीपणाचा, तिच्या स्वत्वाच्या शोधाचा प्रश्न पुढे येतो. अखेरीस हॉटेलच्या खोलीत ती एकटी आहे. ही खोली सुशिक्षित प्रेक्षकाला फार भावली, कारण त्या एकाकीपणात त्याला आपला एकाकीपणा दिसला. त्या खोलीचे भाडे कोणाच्या कमाईतून गेले असेल, असे आमच्या बैठकीतल्या मुलीने नक्की विचारले असते.

पुस्तक १९७० साली राजहंस प्रकाशनाने काढले. अरुण साधूंच्या शब्दांकनातून ते आधी ‘माणूस’मध्ये आले होते. म्हणजे ‘बलुतं’च्या आठ वर्षे आधी. माझ्या पिढीतल्या आम्ही दलित समीक्षकांनी ते बाजूला ठेवले, हा दोष आमचा. ‘ती आपली नव्हे’ एवढ्यावर आम्ही थांबलो. दया पवारांनी वाट्याला आलेल्या हिश्श्याचे नाव पुस्तकाला दिले आणि आम्ही त्या नावावर पानेच्या पाने लिहिली. हिस्सा न मिळालेल्या ह्या बाईचे पुस्तक शेजारच्या कपाटात होते. पन्नाशीही न गाठता १९७१ मध्ये हंसाबाई गेल्या.

त्या मुलीला मी सांगितले की पुढच्या बैठकीत आपण आत्मकथनांबरोबर करारपत्रे, पावत्या, उचलीच्या चिठ्ठ्याही वाचू. ती म्हणाली, मुकादमाची वही आणते. दोन बैठका झाल्या, वही आली नाही. वडील मागायला गेले होते म्हणे. मुकादम वही कोणाला दाखवत नाही.