हसणारे कोण, हसू कोणाचे? बोली, लोकनाट्य आणि दूरचित्रवाणीवरील विनोद

मराठी समीक्षेने विनोदाचा विचार केला तो प्रामुख्याने वाङ्मयप्रकार म्हणून. श्रीपाद कृष्ण कोल्हटकरांपासून पु. ल. देशपांडे यांच्यापर्यंतची परंपरा सांगायची, प्रसंगनिष्ठ, स्वभावनिष्ठ आणि शब्दनिष्ठ अशी वर्गवारी करायची आणि ‘निर्मळ’ विनोदाला दाद द्यायची, असा हा शिरस्ता आहे. कोण, कोणाला, कोणासमोर हसतो हा प्रश्न या वर्गवारीत सहसा उपस्थित होत नाही. माध्यमांच्या अभ्यासात मात्र तो टाळता येत नाही. कारण दूरचित्रवाणीवरील विनोद हा लेखकाच्या प्रतिभेइतकाच वाहिनी, जाहिरातदार आणि प्रेक्षकवर्ग यांच्या परस्परसंबंधांतून घडत असतो. प्रस्तुत लेखात हा प्रश्न मराठवाडी बोलीच्या संदर्भात तपासून पाहावयाचा आहे.

हास्याचे आणि सामाजिक उतरंडीचे नाते आपल्याकडे नवे नाही. भरताच्या नाट्यशास्त्रातील सहाव्या अध्यायात हास्याचे सहा भेद सांगितले आहेत. त्यांपैकी स्मित आणि हसित उत्तम प्रकृतीच्या पात्रांना, विहसित आणि उपहसित मध्यमांना, तर अपहसित आणि अतिहसित अधमांना वाटून दिलेले आहे. म्हणजे ओठ किती विलग व्हावेत हेसुद्धा पात्राच्या पायरीवरून ठरते. संस्कृत नाटकातील विदूषक जन्माने ब्राह्मण असूनही प्राकृतात बोलतो, हेही येथे लक्षात घेण्याजोगे आहे. हसवणाऱ्याची भाषा प्रतिष्ठितांच्या भाषेहून वेगळी असावी, हा संकेत इतका जुना आहे.

या संकेताला बोलीभाषक समाज स्वतः कसा सामोरा जातो, याचे उदाहरण परभणी जिल्ह्यातच सापडते. ‘बनी तो बनी, नहीं तो परभणी’ ही म्हण आणि ‘जगात जर्मनी अन् भारतात परभणी’ ही उक्ती पूर्णा-नांदेड लोहमार्गावरील चुडाव्यासारख्या गावातही कोणाला समजावून सांगावी लागत नाही. पहिलीची भाषा दखनी वळणाची आहे. १९४८ पर्यंत निजामी राजवटीत राहिलेल्या प्रदेशाच्या बोलीत ती सहज मुरलेली आहे. दुसरीत आत्मगौरव आहे की आत्मोपहास, हे ठरवणे कठीण आहे, आणि तिचे सामर्थ्य या कठीणपणातच आहे. आपले मागासलेपण जाणणारा माणूस ते जर्मनीच्या शेजारी नेऊन बसवतो आणि दोहोंकडे पाहून हसतो. येथे हसणारा आणि हसण्याचा विषय एकच आहे. मात्र हेच वाक्य परभणीबाहेरच्या माणसाने परभणीकराला ऐकवले की त्याचा अर्थ पालटतो. शब्द तेच राहतात. बदलते ते बोलणाऱ्याचे स्थान. विनोदाचे राजकारण आशयात शोधण्याआधी या स्थानात शोधले पाहिजे.

तमाशातील सोंगाड्याचे स्थान या दृष्टीने पाहण्यासारखे आहे. राजा, प्रधान, कोतवाल ही पात्रे वगात दरारा घेऊन येतात आणि सोंगाड्या त्यांच्या भाषेतील एखादा शब्द वाकवून तो दरारा उतरवतो. वसंत सबनिसांच्या ‘विच्छा माझी पुरी करा’ने १९६५ मध्ये हे तंत्र शहरी रंगमंचावर आणले. त्यातून पुढे आलेले दादा कोंडके नायगाव-लालबागच्या गिरणी-वस्तीत वाढलेले होते. ‘सोंगाड्या’ (१९७१) या चित्रपटासाठी दादरच्या कोहिनूर चित्रपटगृहासमोर शिवसेनेला आंदोलन करावे लागले, ही घटना सर्वपरिचित आहे. अभिजनांनी ज्याला अश्लील म्हटले, त्यात गावाकडून आलेल्या कामगाराला आपली जीभ ऐकू येत होती. मिखाईल बाख्तिन यांनी राबलेवरील ग्रंथात ज्याला जत्रेचे हास्य म्हटले, त्याच्याशी याचे साम्य उघड आहे. तरीही हे साम्य ताणू नये. ज्या फडात राजा खाली उतरतो, त्याच फडात नाचणाऱ्या स्त्रीचे शरीर आणि तिची जात मात्र आपल्या जागीच राहते. कोंडक्यांच्या द्व्यर्थी संवादांचे ओझेही स्त्रीनेच वाहिले. उलथापालथ झाली, पण ती अर्धीच.

लक्ष्मण देशपांडे यांचा ‘वऱ्हाड निघालंय लंडनला’ हा एकपात्री प्रयोग येथे वेगळी शक्यता दाखवतो. मराठवाडा विद्यापीठात नाट्यशास्त्र शिकवणारे देशपांडे एकट्याने पन्नासहून अधिक व्यक्तिरेखा उभ्या करीत. मराठवाड्यातील एक वऱ्हाड लग्नासाठी विमानाने लंडनला निघते, एवढेच कथानक. परंतु प्रयोगाची केंद्रभाषा बोलीच आहे. विमान, हवाई सुंदरी, इंग्रजी शिष्टाचार हे सारे त्या बोलीच्या नजरेने पाहिले जाते आणि विचित्र ठरते ते लंडन. शिवाय सारी पात्रे एकाच देहातून प्रकटत असल्यामुळे नटाला कोणत्याही पात्रापासून दूर उभे राहून त्याची टिंगल करता येत नाही. अर्थात पुण्या-मुंबईच्या सभागृहांत या प्रयोगाला मिळालेले हशे सर्वस्वी याच जाणिवेचे होते असे म्हणता येणार नाही. तेथे अनेकदा उच्चारच विनोदी ठरला. देशपांडे २००९ मध्ये निवर्तले. संदीप पाठक यांनी पुढे हा प्रयोग केला, आणि बोलीला मिळणारे ते दुहेरी हसूही त्याबरोबर चालत आले.

दूरचित्रवाणीने या दुहेरीपणाची बाजारपेठ केली. झी मराठीवर २०१४ साली सुरू झालेल्या आणि ज्याचे प्रदीर्घ पर्व २०२४ मध्ये संपले त्या ‘चला हवा येऊ द्या’ या कार्यक्रमातील गावाचे नाव ‘थुकरटवाडी’ होते. गावाने स्वतःला ठेवलेले हे नाव नव्हे. गाव म्हणजे मुळातच थुकरट, असा निवाडा त्यात आधीच देऊन टाकलेला आहे. या गावात पाहुणे येतात ते आपल्या नव्या चित्रपटाच्या प्रसिद्धीसाठी. त्यांच्यासमोर गावाने सोंग करावयाचे, त्यांनी कोचावर बसून हसावयाचे आणि त्यांचे हसणे कॅमेऱ्याने टिपावयाचे. घरच्या प्रेक्षकाला कोठे हसावे हे ताऱ्याच्या चेहऱ्यावरून कळते. भारत गणेशपुरे यांची वऱ्हाडी काय किंवा भाऊ कदम यांचे लुगड्यातील सोंग काय, अभिनयाचे कौशल्य वादातीत आहे. पण सोंगाड्या ज्याच्यावर हसत असे तो दरबार येथे प्रेक्षकांत जाऊन बसला आहे.

याच कार्यक्रमातील पोस्टमनची पत्रे या संदर्भात बोलकी आहेत. अरविंद जगताप यांनी लिहिलेली आणि सागर कारंडे यांनी वाचलेली ही पत्रे सामाजिक दुःखांविषयी बोलत. ती वाचली जात तेव्हा हशा थांबे आणि डोळे पुसले जात. पत्रांच्या प्रामाणिकपणाविषयी शंका घेण्याचे कारण नाही. प्रश्न रचनेचा आहे. सोंगाड्याच्या ठायी टीका आणि विनोद एकाच वाक्यात असत. येथे त्यांची फाळणी झाली. टीका करुण रसाकडे गेली, विनोद निरुपद्रवी उरला. गंभीर काही सांगावयाचे तर हसणे थांबवले पाहिजे, ही माध्यमाने घातलेली अट आहे. तिच्यामुळे सत्तेला हशाचे भय उरत नाही. अश्रूंना तर ती टाळ्याच वाजवते.

येथे एक आक्षेप संभवतो. चुडाव्यातील किंवा पूर्ण्यातील प्रेक्षकही हे कार्यक्रम मनापासून हसत पाहत आला. मग त्याला आपला अवमान कळत नाही काय? स्टुअर्ट हॉल यांनी १९७३ मध्ये संहितेच्या ग्रहणाच्या तीन भूमिका सांगितल्या: प्रभुत्वाचा अर्थ स्वीकारणारी, वाटाघाट करणारी आणि विरोधी. आपला प्रेक्षक बहुधा मधल्या भूमिकेत असतो. पडद्यावरचा नट आपल्यासारखे बोलतो याचा त्याला आनंद होतो. मकरंद अनासपुरे यांच्या ‘कायद्याचं बोला’ (२००५) सारख्या चित्रपटात तीच बोली न्यायालयात उभी राहून वकिली करते, याचा अभिमानही वाटतो. मात्र आपली बोली ऐकू येण्याची जागा विनोदाचीच आहे, हेही तो त्याबरोबरच स्वीकारतो.

खरी हानी येथे आहे. बोली पडद्यावर पुष्कळ दिसू लागली, पण तिचा भावपट आक्रसला. रा. रं. बोराडे यांनी ‘पाचोळा’ (१९७१) मध्ये एका शिंप्याच्या संसाराची वाताहत घरच्या बाईच्या तोंडून, मराठवाडी बोलीत सांगितली. तेथे ही बोली शोक करते, संशय घेते, जाब विचारते. आज ते पृष्ठ वर्गात मोठ्याने वाचताना विद्यार्थी पहिल्या दोन वाक्यांना हसतात. ही मुले त्याच बोलीची असतात. कादंबरीत हसण्याजोगे काही नसते; त्यांच्या कानांना दिलेले वळण हसत असते. तिसऱ्या-चौथ्या वाक्यानंतर हसू ओसरते आणि वर्ग ऐकू लागतो, हा अनुभवही तितकाच खरा आहे.

म्हणून विनोदाला विरोध करून काही साधणार नाही. तो विरोध जुन्या शुचितावाद्यांच्याच पंक्तीला नेऊन बसवील. परभणीच्या उक्तीतील हसणारा स्वतःकडे आणि जर्मनीकडे एकाच वेळी हसत होता. कोणताही लोकप्रिय विनोद तपासताना समीक्षेने त्यात हसणाऱ्याची ही दुसरी नजर शिल्लक आहे का, एवढे विचारले तरी पुष्कळ झाले.