नोंद कोणासाठी?

कोयनानगरात येऊन विज्ञानाच्या वर्गाबद्दल बोलायचं तर भूकंपाचंच उदाहरण घेऊ. समजा, सहावीतल्या एका मुलीनं वहीत लिहिलं, 'धरणात पाणी भरलं की त्याच्या वजनानं जमीन हलते.' बाई काय करतील? ब-1 श्रेणी देतील आणि नोंदवहीत लिहितील, 'परिसरातील घटनांची कारणे सांगते.' हे वाक्य कोणत्याही मुलाला, कोणत्याही धड्याला चालतं! अशा नोंदी तयारही मिळतात, उतरवून काढल्या की झालं.

20 ऑगस्ट 2010 चा शासन निर्णय आम्ही वाईट म्हणत नाही. सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापनात निरीक्षण, तोंडी काम, प्रयोग यांना जागा मिळाली, ही मोठीच गोष्ट. आमची तक्रार वेगळी आहे. वर्णनात्मक नोंद श्रेणीच्या जागी आलीच नाही, ती श्रेणीच्या शेजारी जाऊन बसली. आणि ती लिहिली जाते तपासणीला येणाऱ्या साहेबांसाठी. मुलीच्या हातात पडते ती श्रेणी.

रूथ बटलर यांनी इस्रायलमधल्या शाळकरी मुलांवर केलेला अभ्यास 1988 साली प्रसिद्ध झाला. ज्यांना फक्त अभिप्राय मिळाला, त्यांचं काम सुधारलं, गोडीही टिकली. अभिप्रायासोबत गुणही मिळाले, तिथे मात्र तो फायदा दिसला नाही. गुण दिसले की बाकीचं कोण वाचतं हो? आपण मोठी माणसंही नाही वाचत.

आता पुन्हा त्या मुलीकडे. 11 डिसेंबर 1967 चा भूकंप इथल्या घराघरांत सांगितला जातो, म्हणजे तिचं वाक्य पाठ केलेलं नाही. ते अर्धं बरोबरही आहे. जलाशयाचं वजन असतंच, पण पाणी खडकाच्या भेगांत मुरतं, तिथला दाब वाढतो, आणि मुळात ताणाखाली असलेला प्रस्तर सरकतो. बाईंनी हे सगळं सांगायचं नाही. वहीत एवढंच लिहावं: 'वजनाचा विचार केलास, छान. पण धरणं तर पुष्कळ आहेत. मग हादरे इथेच इतके का? पाणी नुसतं साठून राहतं, की खालीही जातं?' आणि उत्तर पुन्हा लिहायला दुसऱ्या दिवशी दहा मिनिटं द्यावीत. ती दहा मिनिटं नसतील तर अभिप्रायही वाया.

चाळीस मुलांना असं रोज कसं लिहायचं, असं तुम्ही विचाराल. रोज नकोच. दिवसाला पाच वह्या, एकेक प्रश्न. साहेबांनी नोंदवही मागितली तर तिच्या दोन्ही उत्तरांची पानं पुढे ठेवावीत, आधीचं आणि नंतरचं. ती वाचायला वेळ लागेल, तेवढा त्यांनीही काढावा.