नव्वद दिवसांचे घर

पानिपतास मराठी पाहुणा आला की तो आधी काला आंब पाहावयास निघतो. त्यात गैर काही नाही; १४ जानेवारी १७६१ चे दुःख मराठी मनातून सहजासहजी जाणारे नव्हे. परंतु याच गावाजवळ तेलशुद्धीकरण कारखान्याच्या आणि खतकारखान्याच्या वसाहती आहेत, तेथे आपल्यासारखी बदलीवर आलेली माणसे संसार करतात, हे त्याच्या ध्यानीही येत नाही. आमच्या साहित्याची गत बरीचशी या पाहुण्यासारखीच आहे. त्यास रणांगण दिसते. क्वार्टर दिसत नाही.

हे तीव्रतेने जाणवले ते एक परके पुस्तक वाचताना. बोलिव्हियातील खाणकामगाराची पत्नी दोमितीला बार्रिओस दे चुंगारा हिने आपली जीवनकथा सांगितली, मोएमा व्हीझर या ब्राझीलच्या विदुषीने ती शब्दबद्ध केली आणि १९७७ साली ती स्पॅनिशमध्ये प्रसिद्ध झाली. ‘मला बोलू दिलेत तर’ असा तिच्या नावाचा भावार्थ आहे. इंग्रजी अनुवाद पुढल्याच वर्षी आला; आम्ही तोच वाचला.

स्थळ आहे अँडीज पर्वतातील, समुद्रसपाटीपासून सुमारे चार हजार मीटर उंचीवरचे कथलाच्या खाणीचे गाव. खाणीचे नाव सिग्लो व्हेइंते, म्हणजे ‘विसावे शतक’. नाव ठेवणाराच्या मनात उपहास नसावा, पण वाचकास तो जाणवल्यावाचून राहत नाही. या विसाव्या शतकात घरात नळ नाही, सार्वजनिक नळावर रांग आहे; आणि एकाच खोलीत बैठक, जेवणघर, कोठार व शेज सारे सामावलेले आहे. नवऱ्याची पहिली पाळी असली की दोमितीलाबाई पहाटे चारला उठतात, सारण भरलेल्या करंजीसारख्या सालतेन्या शंभराच्या हिशेबाने करतात व रस्त्यावर बसून विकतात, कारण खाणीच्या मजुरीत घर चालत नाही. एका ठिकाणी त्या हिशेब मांडतात: घरातील धुणे, रांधणे, मुले सांभाळणे ही कामे पैसे मोजून करून घ्यावयाची म्हटली तर किती लागतील? बेरीज नवऱ्याच्या मजुरीहून अधिक निघते. आमच्या मते हे पुस्तकातील सर्वांत मोलाचे स्थळ आहे. पुढे १९७५ साली मेक्सिकोतील आंतरराष्ट्रीय महिला परिषदेच्या व्यासपीठावर त्या सुखवस्तू प्रतिनिधींशी भांडल्या, त्याचे कौतुक पुष्कळ झाले. परंतु त्या भांडणास बळ आले ते या चुलीपाशी केलेल्या बेरजेतून.

खाणीच्या धुळीने फुप्फुसे निकामी होतात. कामगार त्या रोगाने मेला वा कामास निरुपयोगी ठरला की त्याच्या कुटुंबास घर सोडावे लागते. मुदत नव्वद दिवसांची. ही कंपनी कोणा सावकाराची नव्हे. १९५२ च्या क्रांतीनंतर खाणी राष्ट्राच्या झाल्या होत्या, घराचा मालक सरकारी महामंडळ होते. येथे आम्ही पुस्तक मिटून थोडा वेळ स्वस्थ बसलो. घर आपले नाही, हे आपण बदलीवाले जाणतो; पण आपल्यामागे पेन्शन असते, गावी एखादी खोली असते. तेव्हा त्या विधवेशी आपले नाते जोडण्यात अतिशयोक्ती होईल. नाते जुळते ते दुसऱ्याच टोकाशी: क्वार्टर रिकामे करण्याचा कागद आपल्यापैकी कित्येकांच्या सहीने निघतो.

मराठीत याच्या जवळ जाणारे काय आहे, असे मनाशी विचारले तेव्हा अण्णा भाऊ साठे यांची ‘स्मशानातील सोनं’ ही कथा आठवली. मुंबईच्या उपनगरातील दगडाची खाण बंद पडते आणि भीमा पोटासाठी प्रेते उकरू लागतो. अखेरीस त्याची बोटे जातात, आणि तेव्हाच खाण पुन्हा सुरू झाल्याची वार्ता येते. हा शेवट दोमितीलाबाईंच्या पुस्तकात कोठेही न आढळणाऱ्या कलाशक्तीचा आहे. परंतु आपली दृष्टी भीमावरून हलत नाही. खाण बंद पडल्यावर त्याच्या घरात चूल कशी पेटत होती, हे भीमाच्या बायकोने सांगितले असते तर काय निघाले असते? तो प्रश्न कथेच्या कक्षेबाहेरचा आहे, हे आम्ही मान्य करतो. तक्रार कथेविषयी नाहीच. तिच्या नंतर कोणी ते घर उघडले नाही, याविषयी आहे.

बोलिव्हियाच्या पुस्तकात दोष नाहीत असे नव्हे. संघटनांचे वाद पानेच्या पाने चालतात आणि परक्या वाचकास नेत्यांची नावे लक्षात राहत नाहीत. बोलणे कोठे बाईंचे आणि सांधणी कोठे संपादिकेची, हेही नेहमी कळत नाही. मात्र २४ जून १९६७ च्या पहाटेचे, सैन्याने खाणवसाहतीवर केलेल्या गोळीबाराचे आणि त्यानंतरच्या तुरुंगवासाचे निवेदन वाचताना अशा शंका मागे पडतात.

१९८५ साली कथलाचा भाव कोसळला, सरकारने वीस हजारांहून अधिक खाणकामगार कमी केले आणि कुटुंबेच्या कुटुंबे डोंगर उतरून शहरांच्या कडेला गेली. दोमितीलाबाई २०१२ साली कोचाबांबा येथे वारल्या. त्यांचे पुस्तक कोणी मराठीत आणावयाचे मनावर घेतले, तर भाषणे थोडी आवरली तरी चालतील. धुण्याच्या कपड्यांचा तो हिशेब मात्र डझनावारीने, जसाच्या तसा राहू द्यावा.